स्तोत्रातून परत आलेले शब्द

डॉक्टरांनी माझ्या पतींच्या सीटी स्कॅनची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि डाव्या बाजूच्या एका करड्या डागावर पेनाचं टोक टेकवलं.

"हा स्ट्रोक आहे," ते म्हणाले. "मेंदूला रक्त नेणाऱ्या नळीत गुठळी अडकलीय. हातापायात ताकद येईल हळूहळू. पण भाषेचा जो भाग असतो, नेमका तोच दुखावलाय. याला ॲफेजिया म्हणतात."

मी विचारलं, "म्हणजे हे मुके झाले का?"

"नाही. आवाज आहे, जीभ आहे, समजही बरीच आहे. शब्द तेवढे हाती लागत नाहीत."

ॲफेजिया हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. तुमच्यापैकी कुणाच्या घरात तो आला असेल तर आधी एवढंच सांगते, तुमचं माणूस वेडं झालेलं नाही आणि बहिरंही झालेलं नाही. त्याला तहान लागते, राग येतो, तुमची काळजीही वाटते. फक्त तहानेला पाणी म्हणतात हे त्याला ऐनवेळी सापडत नाही. मोठ्यानं ओरडून त्याच्याशी बोलू नका. मी पहिले काही दिवस ओरडून बोलत होते.

माझे पती शमुवेल. वसमतच्या बाजारात त्यांना सगळे शामराव म्हणतात. पाइप, मोटारी आणि तुषार सिंचनाच्या सामानाचं त्यांचं दुकान होतं. कुरुंद्याच्या एका खोलीच्या घरातून निघालेल्या माणसानं ते उभं केलेलं. पुढं वसमतला दुमजली घर झालं, दारात पांढरी गाडी आली. गिऱ्हाइकाशी बोलण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. शेतकरी नुसता विहिरीचं वर्णन करायचा आणि हे पाइप किती लागतील ते सांगून मोकळे व्हायचे. मी अंगणवाडीत शिकवते. दिवसभर लेकरांशी बोलून माझा घसा बसायचा, आणि घरी आल्यावर यांचं बोलणं संपायचं नाही.

झटका आला त्या दिवशी सकाळी जेवताना यांच्या हातून पाण्याचा ग्लास निसटला. मग भाजीकडे बघून म्हणाले, "आज पाइपात मीठ कमी आहे." मला हसू आलं. वाटलं, डोकं दुकानात आहे. हेही हसले आणि निघून गेले.

दुकानात यांचं तोंड वाकडं झालं, उजवा हात खाली पडला. तिथल्या लोकांना वाटलं पित्त असेल. त्यांनी लिंबूपाणी दिलं आणि गादीवर निजवलं. सगळं मायेनंच केलं, पण त्यात दुपार गेली. वसमतच्या डॉक्टरांनी बघताक्षणी नांदेडला न्यायला सांगितलं. तिथं कळलं, गुठळी विरघळवायचं एक इंजेक्शन असतं, थ्रॉम्बोलिसिस म्हणतात त्याला. ते पहिल्या काही तासांतच द्यावं लागतं. आमची ती वेळ टळून गेली होती. म्हणून हात जोडून सांगते, तोंड एका बाजूला झुकलं, एक हात लुळा पडला, बोलणं वेडंवाकडं झालं, तर लिंबूपाणी करत बसू नका. गाडी काढा आणि स्कॅन होतो असा दवाखाना गाठा.

आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर दिवस कसे गेले ते मला सलग आठवत नाही. आमची लेक ग्रेस पुण्याहून आली. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवायची आणि दार उघडलं की उठून उभी राहायची. वॉर्डात हलवल्यावर यांनी माझ्याकडे बघितलं, ओठ हलवले आणि पहिला शब्द काढला.

"बराबर."

मी आनंदानं रडले. मग डॉक्टरांनी विचारलं, तुमचं नाव काय? "बराबर." ही कोण? "बराबर." दुखतंय का कुठं? "बराबर, बराबर." दुकानात हे गिऱ्हाइकाला दिवसभर म्हणायचे तो शब्द होता. बाकीचे सगळे गेले आणि तोच एक मागं राहिला. रागावले तरी बराबर, लाज वाटली तरी बराबर. नर्स कपडे बदलत असताना यांनी डोळ्यांत पाणी आणून हळूच म्हटलेलं बराबर मी कधी विसरणार नाही.

दोन-तीन दिवसांनी स्पीच थेरपिस्ट, म्हणजे बोलणं पुन्हा शिकवणाऱ्या नाझिया मॅडम आल्या. वयानं आमच्या ग्रेसएवढ्या. त्यांच्याकडे चित्रांची कार्डं होती. चावी, गाय, खुर्ची, आंबा. आमच्या अंगणवाडीत असतात तशीच. यांनी सगळ्यांना बराबर म्हटलं आणि मान फिरवली.

"मनाच्या जवळची चीज कधी कधी आधी येते," मॅडम म्हणाल्या. "यांच्या स्वतःच्या वस्तूंचे फोटो आणाल?"

मी आणि ग्रेसनं रात्रभर मोबाइलमधून फोटो शोधले. दुकानाची पाटी, तिच्यावर यांचं नाव. गाडीची पूजा आम्ही करत नाही, पण पहिल्या दिवशी चर्चच्या पाळकांनी प्रार्थना केली होती, तो फोटो. दुमजली घर, वरच्या मजल्याची गॅलरी. औंढ्याच्या रस्त्यावरचा प्लॉट. ज्याच्या मागं या माणसानं तीस वर्षं ऊनपाऊस बघितलं नाही, ते सगळं एकेक करून त्यांच्यासमोर धरलं.

यांना फोटो ओळखू येत होते. गाडीवर बोट ठेवलं, दुकानावर तर हात फिरवला. पण त्यातल्या एकाही वस्तूचं नाव तोंडातून येईना. घराच्या फोटोपाशी मानेच्या शिरा ताठ झाल्या, ओठ थरथरले आणि शेवटी बराबरच आलं. त्यांनी डावा हात कपाळावर मारून घेतला. मी फोन बंद केला.

नाझिया मॅडम घाईत नव्हत्या. त्या स्टूल ओढून बसल्या. "यांना काही पाठ होतं का? गाणं, पाढे, प्रार्थना? आमच्याकडे एक चाचा होते, त्यांना बेटीचं नाव येत नव्हतं, पण नमाज पूर्ण यायची. लहानपणचं काही आहे का?"

लहानपणचं मला काय ठाऊक. ते यांच्या आईला ठाऊक.

माय दुसऱ्या दिवशी कुरुंद्याहून आली. माझ्या सासूबाईंना सगळं गाव माय म्हणतं, मीही. माय लिहायला-वाचायला कधी शिकली नाही. तरुणपणी गावात पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, शिकवायला एक बाई यायच्या, त्यांच्याकडून ऐकून ऐकून तिनं स्तोत्रं पाठ केली आणि हे बोबडं बोलत होते तेव्हापासून यांना म्हणायला लावली. घरात नियमच होता, आधी स्तोत्र, मग भाकर. हे मला हसून सांगायचे, "पोटात भुकेचा डोंब आणि माय म्हणायची, चूक झाली, पुन्हा म्हण." लग्नानंतर मात्र मी यांच्या तोंडून स्तोत्र क्वचितच ऐकलं. नाताळला आणि ईस्टरला चर्चमध्ये, एवढंच. देवावर राग नव्हता, वेळ नव्हता.

माय कॉटवर बसली. कसा आहेस, असंही तिनं विचारलं नाही. लुळा पडलेला उजवा हात तिनं मांडीवर घेतला, पदरानं पुसला आणि म्हणाली, "चल लेकरा. मेंढपाळाचं म्हण."

हे तिच्याकडे बघत राहिले.

"काहून गप बसला? म्हण की." तिनं पहिला शब्द उच्चारला आणि थांबली.

यांचे ओठ हलले. मला वाटलं आता बराबर येणार. पण दुसरा शब्द आला. मग तिसरा. मग ओळ पुरी झाली. माय गप्प झाली होती, फक्त तिची मान हलत होती. कुरणं आली, पाणी आलं, काळोखाची दरी आली. दरीपाशी आवाज कापला, पण थांबला नाही. जोडाक्षरंसुद्धा स्वच्छ. शेजारच्या कॉटवरची बाई जेवता जेवता हात थांबवून ऐकत होती. शेवटी हे देवाच्या घरापर्यंत पोचले आणि आमेन म्हणाले.

मग त्यांनी स्वतःच डाव्या हातानं स्वतःचं तोंड चाचपलं. नवल त्यांनाच वाटलं होतं.

मी धावत ग्लास आणला. "पाणी हवं का? म्हणा, पाणी."

त्यांनी ग्लासाकडे बघितलं. पुन्हा मानेच्या शिरा ताठल्या.

"बराबर," ते म्हणाले.

ते ऐकून मी इतकी खचले की बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले. क्षणापूर्वी ज्या तोंडातून पाणी हा शब्द आला, तेच तोंड समोरच्या पाण्याला पाणी म्हणू शकत नव्हतं.

पाळकसाहेब भेटायला आले तेव्हा स्तोत्र ऐकून म्हणाले, हा चमत्कार आहे. नाझिया मॅडमनी आदरानं ऐकून घेतलं आणि नंतर आम्हाला समजावलं. पाठांतर, गाणं, प्रार्थना यांना ऑटोमॅटिक स्पीच म्हणतात. ते बोलणं न शोधता आपोआप येतं, आणि मेंदूत त्याची जागा जरा वेगळी असते. यांची ती जागा वाचली. मी ते मायला सांगितलं. माय म्हणाली,

"दुसऱ्या जागी हाय म्हणती व्हय? असंल. ठिवलं तर आमीच व्हतं."

मॅडमना ते इतकं आवडलं की त्यांनी मायचा हात धरला. "मग आता तिथून एक एक काढू या, अम्मा," त्या म्हणाल्या.

आमचं काम सुरू झालं. पद्धत साधी होती. स्तोत्र म्हणायला लागायचं आणि एखाद्या शब्दाआधी मी थांबायचं. तो शब्द यांनी म्हणायचा, आणि त्याच क्षणी मी ती वस्तू हातात द्यायची. संथ पाण्याच्या ओळीत थांबायचं, हे "पाणी" म्हणायचे, की ग्लास ओठाला. असं कितीदा केलं त्याला हिशोब नाही. काही दिवस काहीच होत नव्हतं. मी चिडायची, हे तोंड फिरवायचे. माय मात्र लेकराला भाकरी भरवल्यासारखी पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू करायची.

एक दिवस दुपारी मी कॉटशेजारी पेंगत होते. कुणीतरी माझी बाही ओढली.

"पाणी," हे म्हणाले.

स्तोत्र चालू नव्हतं. यांना तहान लागली होती. मी ग्लास भरताना अर्धं पाणी फरशीवर सांडलं.

मग त्या स्तोत्रातून घर चालवायचं सामान निघत गेलं. जेवणासाठी "ताट" आलं. चालायला लागल्यावर "काठी" आली. संध्याकाळी मी हाताला करडईचं तेल चोळायची, तेव्हा "तेल" आलं. चहाला हे "प्याला" म्हणायचे. भेटायला आलेल्या पाहुण्यांसमोर यांनी "प्याला, प्याला" केलं की त्यांच्या भुवया वर जायच्या आणि मी घाईघाईनं कपबशी आणायची. हातापायाचा व्यायाम घ्यायला रोज एक फिजिओथेरपिस्ट यायचे, फार दमवायचे. एका सकाळी ते दारात दिसताच हे म्हणाले, "शत्रू." तोही शब्द स्तोत्रातलाच. वॉर्डभर हसू पसरलं, आणि सगळ्यात मोठ्यानं ते फिजिओथेरपिस्टच हसले.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "कुठं जायचं आता?"

"घर," हे म्हणाले. मोबाइलवरच्या फोटोपाशी अडकलेला शब्द. आणि त्यांना जिना चढवून आत आणलं तर ते शोकेसकडे बघत उभे राहिले. त्यात पाइप कंपन्यांनी दिलेली मानचिन्हं होती आणि त्यांच्या मागं, काचेआड, आमचं पवित्र शास्त्र. लग्नात मिळालेलं. पानं अजून कोरी करकरीत. यांनी काठीनं काच ठोकली. मी पुस्तक काढून दिलं तर ते छातीशी धरून पलंगापर्यंत गेले.

एका स्तोत्रात सगळे शब्द थोडेच असतात. आम्ही पुढं येशूच्या दाखल्यांकडे वळलो. मी वाचायची, थांबायची. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या दाखल्यांत सगळं आपल्या घरातलंच आहे. दिवा, झाडू, पीठ, बी, दार, मासा. एवढी वर्षं मी ते फार उंचावरचं समजत होते. मी अंगणवाडीतल्यासारखी कार्डं केली, वस्तू गोळा केल्या. सिद्धेश्वरच्या धरणातला मासा बाजारातून आणला आणि यांच्यासमोर ताटात ठेवला. हे "मासा" म्हणाले आणि मग माझ्याकडे बघून, "तेल," म्हणजे तळ आता.

दुकानाचं मात्र जमेना. दोन-तीन महिने हे रोज जाऊन खुर्चीत बसायचे. माणसं चांगली होती, थांबायची. पण पेरणीच्या दिवसांत कुणाला किती थांबता येतं? एक गिऱ्हाईक मोटारीचं काही विचारत होतं. हे शब्द शोधत राहिले, तो वैतागून दुसऱ्याकडे वळला. त्या संध्याकाळी यांनी घरी येऊन दुकानाच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या आणि माझी बोटं त्यांच्यावर मिटवली. यांना दुकान सोडायचं होतं. मी ग्रेसला फोन लावला. ती म्हणाली, "पप्पांनी ठरवलंय ना? मग झालं."

खरं सांगायचं तर मीच तयार नव्हते. नातेवाईक म्हणायचे, माणूस ठेवा, चालवा. मलाही वाटायचं, पाटी तरी राहू दे. बाजारातून जाताना लोक मला शामरावांची मंडळी म्हणून वाट करून द्यायचे, ते मला आवडायचं. गाडीही विकली तेव्हा तिच्या जागी अंगणात तेलाचा डाग राहिला, तो मी घासून घासून काढला आणि घासताना रडले. वसमतचं घर भाड्यानं द्यायचं आणि कुरुंद्याला मायकडे राहायला जायचं ठरलं. तिथं दोन खोल्या आणि हळदीचं थोडं शेत.

दुकान नव्या मालकाच्या ताब्यात द्यायचा दिवस आला. त्यांनी नवी पाटी आणली होती. जुनी पाटी खाली उतरवताना तिचा कोपरा भिंतीला घासून खरकन आवाज झाला, आणि मला राहवलं नाही. भर रस्त्यात मी पदर तोंडाला लावला. तीस वर्षांचं सगळं गेलं, असं काहीतरी मी म्हणत होते.

हे काठी टेकत माझ्याजवळ आले. चेहऱ्यावर ती शोधाशोध सुरू झाली, मला आता ओळखू येते ती. मी मदत करणार होते. त्यांनी हात वर करून थांबवलं.

"उणं..." ते म्हणाले. थांबले. पुन्हा म्हणाले, "उणं काय?"

उणं हा शब्द मेंढपाळाच्या स्तोत्राच्या पहिल्याच ओळीत आहे. मेंढपाळ असताना काही कमी पडायचं नाही, अशा अर्थाची ती ओळ. पण तिथं प्रश्न नाही. "काय" यांनी स्वतः जोडलं होतं. स्ट्रोकनंतर पाठांतराबाहेरचं यांचं हे पहिलं पुरं बोलणं, आणि ते त्यांनी मला विचारलं होतं. मी उत्तर शोधलं. समोर पाटी नसलेली भिंत होती, शेजारी माझा माणूस उभा होता, स्वतःच्या पायावर, आणि माझ्याशी बोलत होता.

"न्हाई," मी म्हणाले. "काही उणं न्हाई."

"बराबर," हे म्हणाले. या वेळी शब्द अगदी जागच्या जागी होता.

आता आम्हाला कुरुंद्यात येऊन वर्ष होत आलं. उजव्या हातानं यांना लिहिता येत नाही, आणि येईल असं डॉक्टर म्हणत नाहीत. मोठी वाक्यं जमत नाहीत. फोनवर तर फारच अडतं, समोरचा हॅलो हॅलो करून ठेवून देतो. रक्तदाबाची गोळी जन्मभर आहे, ती एकही दिवस चुकवायची नाही. सगळं पूर्वीसारखं झालं, असं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही.

मध्यंतरी नांदेडला दाखवायला गेलो तेव्हा कनेरगाव नाका या गावचे एक शेतकरी बाहेर बसले होते. त्यांच्या मंडळीला हाच आजार. त्या फक्त "हं हं" म्हणत होत्या आणि त्यांना बघून ते डोळे पुसत होते. मी विचारलं, "यांना काय पाठ आहे?"

"पाठ कशाचं हो ताई? शाळेत न्हाई गेली कधी." मग म्हणाले, "दळताना ओव्या म्हणायची."

"मग त्याच म्हणा की."

"मी? इतं?" ते लाजले. पण आम्ही आत जाईपर्यंत तो माणूस बायकोच्या कानाशी वाकला होता आणि खालच्या आवाजात काहीतरी म्हणून राहिला होता.

ज्यांच्या घरी हे दुखणं आलंय त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. तुमच्या माणसाच्या आत काय साठवलंय ते शोधा. आणि ज्यांच्या घरी आलेलं नाही, त्यांनी आपल्या लेकरांच्या आत काहीतरी ठेवा, त्यांची झोळी भरताना हेही भरा. आमच्याकडच्या वस्तू आम्ही फार जपल्या, कुलपं लावली, विमे उतरवले. गुठळी आली तेव्हा त्यातलं एकही नाव यांच्या जिभेवर उरलं नाही. मायनं भाकरीच्या आधी म्हणून घेतलेलं तेवढं उरलं, आणि त्यानंच बाकीचं परत आणलं.

डॉक्टरांचे, नाझिया मॅडमचे, त्या वॉर्डातल्या सगळ्यांचे आमच्यावर फार उपकार आहेत. देवाचे तर आहेतच. रविवारी आमच्या ओसरीवर चार घरची माणसं प्रार्थनेला जमतात. यांची पाळी आली की हे उभे राहतात, काठी भिंतीला टेकवतात आणि बोलायला लागतात. दोन शब्दांमध्ये बराच वेळ जातो. कुणी पुढचा शब्द सुचवत नाही. सगळे थांबतात.